रात्री दीडचा नियम आणि नऊचा ठोसा

सिडनीतल्या मराठी घरांत ‘लॉकआऊट’ कायद्याचा विषय निघाला की दोन तट पडतात. ज्यांची मुलं वयात आलीत ते म्हणतात, कायदा चांगला होता, उगाच काढला. नुकतेच शिकायला आलेले म्हणतात, त्या कायद्याने शहराची रात्रच मारली. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात, कारण दोघंही फक्त घड्याळाकडे बघतात.

आठवण म्हणून सांगायचं तर, २४ फेब्रुवारी २०१४ पासून शहराच्या मध्यभागी आणि किंग्ज क्रॉसमध्ये रात्री दीडनंतर पबात नव्याने शिरायला बंदी आली आणि तीनला दारू देणं थांबलं. राज्यभरातली दारूची दुकानं दहाला बंद होऊ लागली. निमित्त होतं किंग्ज क्रॉसमधल्या दोन हल्ल्यांचं. २०१२च्या जुलैत आणि २०१३च्या शेवटच्या रात्री, अनोळखी माणसाच्या एकेका ठोशाने अठरा वर्षांची दोन मुलं गेली. पण पहिला हल्ला रात्री दहाच्या सुमारास झाला, दुसरा नऊच्या. दीडचा नियम तेव्हा असता तरी त्या दोघांना वाचवू शकला नसता.

म्हणून कायदा निरुपयोगी ठरतो का? नाही. राज्याच्या गुन्हे-आकडेवारी विभागाने २०१७ साली मांडलेला हिशेब बघा. किंग्ज क्रॉसमधले हल्ले ४९ टक्क्यांनी घटले, शहराच्या मध्यभागी १३ टक्क्यांनी. न्यूटाऊन, बाँडाय अशा सहज पोहोचता येणाऱ्या भागांत मात्र ते १७ टक्क्यांनी वाढले. गोळाबेरीज केली तरी एकूण घटच उरते. कायद्याला नावं ठेवणाऱ्यांनी हे आकडे गिळून टाकू नयेत.

माझा आक्षेप वेगळा आहे. तरुणांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या या कायद्यात पिरमाँटचा कॅसिनो हद्दीबाहेर राहिला. छोट्या संगीत-क्लबाला एक नियम आणि जुगाराच्या महालाला दुसरा, हे कोणत्या सुरक्षिततेत बसतं? आणि तीनला बाहेर पडलेला मुलगा घरी जाणार कसा? त्या वेळी लोकल बंद असतात, रात्रीच्या बसवर भिस्त. टॅक्सीवाल्यांची पाळीही नेमकी तीनच्या आसपास बदलत असे. सगळ्यांना एकाच वेळी रस्त्यावर आणायचं आणि रस्त्यावरून हलायची सोय करायची नाही, ही धोरणातली मोठी फट होती.

या राज्याला हा धडा नवा नव्हता. १९१६ पासून १९५५ पर्यंत इथले पब संध्याकाळी सहाला बंद होत. कामावरून सुटलेली माणसं तासाभरात घटाघट पिऊन घेत. वेळ आखडली म्हणून पिणं शहाणं झालं नाही.

जानेवारी २०२०मध्ये मध्यभागातली आणि मार्च २०२१मध्ये किंग्ज क्रॉसमधली बंधनं उठली. पण कुठे काही घडलं की ‘लवकर बंद करा’ ही मागणी पुन्हा होते. तुमच्या-माझ्या व्हॉट्सॲप गटांतही होते. ती करण्याआधी आपल्याच मुलांकडे बघा. रेस्टॉरंटची भांडी आवरून मध्यरात्रीनंतर निघणारा विद्यार्थी पबात गेलेलाच नसतो, पण रस्ता त्याचाही तोच असतो. बंद होण्याची वेळ जरूर ठरवा. त्याच कागदावर शेवटची गाडी किती वाजता, स्टॉपवर दिवा आहे का आणि नऊ वाजता पोलीस कुठे उभे आहेत, हेही लिहून मागा.