बागुलबुवाचे वाङ्मय

मूल जेवत नसले की आई म्हणते, "बागुलबुवा येईल हं!" तीन वर्षांच्या मुलाला एवढे पुरते. तेच मूल सोळा वर्षांचे झाले म्हणजे बागुलबुवाला भीत नाही. आणि तो खोटा होता हे कळल्यावर मोठ्यांच्या इतर शब्दांकडेही ते संशयाने पाहू लागते. तरुणांना अमली पदार्थांपासून दूर ठेवण्यासाठी सरकारांनी आणि सुधारकांनी जे चित्रपट काढले, ज्या जाहिराती रचल्या, त्यांकडे वाङ्मयाचा एक प्रकार म्हणून पाहावे, असे पुष्कळ दिवस माझ्या मनात होते. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. पण हे वाङ्मय आपल्याच मुलांना उद्देशून लिहिलेले असते. तेव्हा घरातली सारी माणसे जो अंक वाचतात, त्यातच त्याची चर्चा व्हावी हे बरे.

ह्या प्रकारातली सर्वांत गाजलेली कृती अमेरिकन आहे : १९३६ चा 'रीफर मॅडनेस' हा चित्रपट. रीफर म्हणजे गांजा भरलेली सिगारेट. चित्रपटाचे मूळ नाव 'टेल युअर चिल्ड्रेन', म्हणजे 'आपल्या मुलांना सांगा'. दिग्दर्शक लुई गास्निए. एक मुख्याध्यापक पालकांच्या सभेत व्याख्यान देतो आणि त्यातून गोष्ट उलगडते. चांगल्या घरची मुले एका बिऱ्हाडात जमतात, गांजा ओढतात, आणि मग अनर्थांची नुसती रांग लागते. मोटारीखाली माणूस सापडतो, झटापटीत गोळी सुटून एक मुलगी मरते, निरपराध मुलावर खुनाचा आळ येतो, एक बाई खिडकीतून उडी टाकते, एका तरुणाला कायमचे वेड लागते. ह्या तरुणाच्या हट्टाखातर ती बाई पियानो अधिकाधिक जलद वाजवत सुटते, तो प्रसंग पाहताना मला हसू आवरले नाही.

हसू का यावे? मृत्यू आणि वेड हे काही विनोदाचे विषय नव्हेत. हसू येते ते कार्यकारणभाव तुटल्यामुळे. ही मुले गांज्याकडे का वळली, त्यांना त्यात काय मिळाले, कोणते दुःख ती विसरू पाहत होती, ह्याविषयी चित्रपटाला काही कुतूहलच नाही. इकडे झुरका, तिकडे खून! ज्याने ही वस्तू जवळून पाहिली आहे, त्याला हे क्षणभरही पटत नाही. पुढे १९७२ च्या सुमारास गांज्याचा कायदा सैल व्हावा म्हणून झटणाऱ्या मंडळींनीच ह्या चित्रपटाची प्रत विकत घेतली आणि कॉलेजांतून त्याचे खेळ लावले. विद्यार्थी पोट धरधरून हसले. उपदेशाची याहून मोठी फजिती ती कोणती?

हा चित्रपट सरकारी नव्हता. परंतु सरकारी कथानक निराळे नव्हते. अमेरिकेच्या अमली पदार्थ खात्याचे प्रमुख हॅरी अ‍ॅन्सलिंगर ह्यांनी १९३७ मध्ये गांज्यावरील कराचा कायदा संमत व्हावा म्हणून कायदेमंडळाच्या समितीपुढे खुनांच्याच कहाण्या सांगितल्या. गांजा ओढणारा पुढे हेरॉइनकडे वळतो काय, असे विचारता त्यांनी नाही म्हटले. १९५५ मध्ये तेच गृहस्थ सांगू लागले, की गांजा ही हेरॉइनकडे जाणारी पायरी आहे. नाटकातल्या पात्राने असा पालट केला, तर आपण नाटककाराला कारण विचारतो. सरकारलाही विचारायला हवे.

पुढे तंत्र सुधारले. १९८७ ची एक जाहिरात पाहा. एक माणूस अंडे दाखवतो : हा तुमचा मेंदू. तापलेला तवा दाखवतो : ही अमली द्रव्ये. मग अंडे तव्यावर फोडतो. हीही एका खाजगी संस्थेची. प्रतिमा म्हणून ती मला आवडते. ती थोडक्यात आहे आणि डोळ्यांपुढून हलत नाही. पण कोणते द्रव्य, किती, कोणत्या वयात, हा विवेक त्या तव्यावर उरत नाही. गांजा आणि हेरॉइन एकाच आचेवर चढतात. आणि सरकारी मोहिमांचे फळ काय? १९९८ पासून अमेरिकन सरकारने तरुणांसाठी जाहिरातींची प्रचंड मोहीम चालवली. २००४ पर्यंत तिच्यावर शंभर कोटी डॉलरांहून अधिक खर्च झाला. सरकारनेच नेमलेल्या अभ्यासकांना तिने गांजाचे सेवन घटल्याचा पुरावा आढळला नाही. उलट काही मुलांच्या मनात ओढ वाढल्याची चिन्हे दिसली.

मग भीती दाखवूच नये काय? तसे माझे म्हणणे नाही. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातले भय 'रीफर मॅडनेस'पेक्षा उणे आहे काय? बाळ दगावते, सिंधू जाते, सुधाकर विष घेतो. तरीही प्रेक्षक हसले नाहीत, रडले. सुधाकर बुद्धिमान आहे, मानी आहे, घरी सिंधूसारखी पत्नी आहे. भर कोर्टात झालेला अपमान त्याला सोसवत नाही, आणि त्या क्षणी तळीराम प्याला पुढे करतो. तो प्याला त्याला थोडा वेळ का होईना दिलासा देतो, हे नाटककार लपवत नाही. मद्यपी मंडळाच्या प्रवेशांत तो आपल्याला मनमुराद हसवतो. पुढे सुधाकर सुटण्याची धडपड करतो आणि पुन्हा पडतो. अतिरंजन गडकऱ्यांतही आहे. पण पायरी एकही गाळलेली नाही. म्हणून ते भय आपल्याला लागू पडते.

आणि सरकारला खरे बोलताच येत नाही, असेही नाही. १८९३–९४ साली हिंदुस्थानातल्या भांग-गांजा-चरसाच्या चौकशीसाठी ब्रिटिश सरकारने आयोग नेमला. त्याने हजाराहून अधिक साक्षी घेतल्या. त्यांत मुंबई इलाख्यातल्याही होत्या. वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदवह्यांत 'वेडाचे कारण : गांजा' असे जागोजाग लिहिलेले होते. आयोगाने खोलात जाऊन पाहिले, तेव्हा पुष्कळ ठिकाणी ते कारण रोग्याला आणणाऱ्या अंमलदारांनी नुसत्या तर्काने भरलेले निघाले. बेताच्या सेवनाने सहसा मोठा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो, असा निर्वाळा आयोगाने दिला. त्याचे सर्व निष्कर्ष आज जसेच्या तसे स्वीकारावेत, असे नाही. विज्ञान पुढे गेले आहे. पण आधी विचारावे, मग लिहावे, ही त्याची रीत अनुकरणीय आहे.

आपल्या घरातल्या मुलाने शिवरात्रीला किंवा होळीला कुणीतरी भांग घेतलेली पाहिलेली असते. १९८५ च्या केंद्रीय कायद्यानेही गांज्याच्या व्याख्येतून सुटी पाने वगळली आहेत. त्या मुलाला 'एक झुरका आणि सर्वनाश' असे सांगाल, तर ते गालातल्या गालात हसेल. त्याला खरे सांगावे. कोवळ्या वयात वरचेवर घेतलेला गांजा अभ्यासाला आणि स्मरणाला बाधतो, अतिसेवनाने काहींच्या बाबतीत मनोविकाराचा धोका वाढतो, सवयही जडते. हेरॉइनची गोष्ट निराळी : त्याने श्वास थांबतो, दारूबरोबर तर अधिकच. मित्र शुद्धीवर येत नसेल, तर त्याला झोपला आहे म्हणून सोडू नये, पोलिसांच्या भीतीने दडवू नये, ताबडतोब वैद्यकीय मदत बोलवावी.

हे शेवटचे वाक्य मला साऱ्या जाहिरातींहून मोलाचे वाटते, कारण त्याने जीव वाचतो. पण ते मुलाने ऐकावे, तर सांगणाऱ्यावर त्याचा विश्वास शिल्लक असला पाहिजे. गांज्याविषयी आपण खोटे बोललो, हे एकदा त्याला उमगले, की हेरॉइनविषयीचे खरेही त्याला बागुलबुवाच वाटणार. बागुलबुवाच्या वाङ्मयावर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. त्याची कलादृष्ट्या हास्यास्पदता सोसता येईल. पण खऱ्या संकटाच्या वेळी उपयोगी पडणारा शब्द ते आधीच उधळून टाकते, हे सोसण्यासारखे नाही.