चकचकीत केसपेपर

स्टीफन बर्गमन या डॉक्टरने सॅम्युअल शेम या टोपणनावाने लिहिलेल्या ‘द हाउस ऑफ गॉड’ (१९७८) या अमेरिकन कादंबरीत दोन वरिष्ठ रेसिडेंट आहेत. फॅट मॅन जर्जर म्हाताऱ्या रुग्णांना हिणकस नावाने संबोधतो. केसपेपर चकचकीत करून रुग्ण दुसऱ्या विभागाच्या गळ्यात कसा मारावा, हे ज्युनिअरांना शिकवतो. जो मात्र कष्टाळू, नियमाने चालणारी. एकही तपासणी सोडत नाही. गंमत अशी, की तिच्या तपासण्यांनी म्हातारे खंगतात आणि त्याच्या ‘काही न करण्या’ने तगतात. शेवटी इंटर्न तपासण्या न करताच केसपेपरवर लिहू लागतात. रुग्ण सुधारतात, आणि जोचा वॉर्ड नावाजला जातो!

१९९९ साली अमेरिकेत पदव्युत्तर वैद्यकीय प्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या संस्थेने प्रोफेशनॅलिझम ही सहा आवश्यक क्षमतांपैकी एक ठरवली. ती मोजायची म्हणजे तक्ता आला. भाषा, नोंदी, तत्परता या रकान्यांत जो पहिली येईल, फॅट मॅन नापास. तो निर्दोष नाहीच. त्याची भाषा ज्युनिअर चटकन उचलतात, माया सगळ्यांना उचलता येत नाही. (परिचारिकांच्या चित्रणात तर लेखकच नापास आहे.) पण खोट्या नोंदींना पैकीच्या पैकी देणारा तक्ता नेमके काय मोजतो?

पॉट्स हा इंटर्न, काविळीच्या एका रुग्णाला वेळेवर स्टिरॉइड दिले नाही या टोचणीने खचत जातो आणि आत्महत्या करतो. जबाबदारीची इतकी जाणीव कादंबरीत क्वचितच कुणाला आहे. ज्युनिअर खचतो आहे हे ओळखण्याचे गुण वरिष्ठाला कोणत्या रकान्यात द्यायचे?