साध्या कॅटची बाजू

पत्त्यांची जादू शिकायची ठरवली की पहिला प्रश्न पडतो तो कॅटचा. कोणता घ्यायचा? फोनवर शोधायला गेलात तर काळ्या पानांचे, सोनेरी कडांचे, शिक्का मारलेल्या खोक्यातले, ‘मर्यादित आवृत्ती’चे कॅट समोर येतात. एकेकाच्या किमतीत घरच्या रमीसाठी कितीतरी कॅट यावेत. दुसरा प्रश्न पुस्तकाचा. तिथे उत्तर बहुतेकदा ठरलेलं असतं: ‘द रॉयल रोड टू कार्ड मॅजिक’. पंचाहत्तरी ओलांडलेलं हे पुस्तक अजूनही नवशिक्याच्या हातात दिलं जातं.

मला हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात. जादू कुठे घडते याबद्दल तुमचं मत काय आहे, ते तुमच्या कॅटवरून कळतं आणि पुस्तकावरूनही. जादू जादूगाराच्या हातात घडते असं वाटत असेल, तर हात सजवावासा वाटतो. ती समोरच्या माणसाच्या डोक्यात घडते हे पटलं, की हातातली वस्तू जितकी ओळखीची तितकी बरी. ‘रॉयल रोड’ हे या दुसऱ्या पक्षाचं पुस्तक आहे. मात्र ते अर्ध्या वाटेवर थांबतं. कुठे थांबतं, तेही बघायला हवं.

शिकवण्यातला संयम

जीन ह्युगार्ड आणि फ्रेडरिक ब्राउ यांचं हे पुस्तक १९४८ सालचं. त्याआधी १९४० मध्ये याच जोडीने ‘एक्स्पर्ट कार्ड टेक्निक’ हा तयारीच्या लोकांसाठीचा जाडजूड ग्रंथ लिहिला होता. म्हणजे दोघांच्या पोतडीत काय काय आहे हे जाणकारांना ठाऊक होतं. तरीही नवशिक्यांसाठी लिहायला बसल्यावर त्यांनी पहिलं प्रकरण दिलं ते हातावर पत्ते पिसण्याला.

वाचून थोडी निराशाच होते. सुट्टीत बदाम सात खेळणारं आपल्याकडचं लहान पोरही असंच पिसतं. थोडे थोडे पत्ते एकावर एक सोडत. यात शिकायचं काय? पण पुस्तक याच ओळखीच्या हालचालीत एक बारीक खोच घालतं. पिसताना एक पत्ता बाकीच्यांपेक्षा किंचित मागे सरकलेला राहतो, दिसेल न दिसेल इतका. बोटाला तो लागतो. त्याच्या आधाराने पिसून झाल्यावर हवा तो पत्ता पुन्हा वर आणता येतो. बघणाऱ्याने कॅट पिसला जाताना पाहिला. प्रत्यक्षात त्याचा पत्ता आपल्या ताब्यातून सुटलेलाच नाही.

आणि लगेच, त्याच प्रकरणात, एवढ्याच कौशल्यावर करता येतील असे खेळ. पुढच्या प्रकरणात नवं तंत्र, त्याचे खेळ. पुस्तक साधारण याच चालीने पुढे सरकतं. सॉफ्टवेअरच्या कामामुळे मला शिकवणारी पुस्तकं आणि मार्गदर्शकं सतत वाचावी लागतात. बहुतेकांचा रोग एकच: आधी सगळी हत्यारं टेबलावर मांडायची आणि ती वापरायची कशासाठी, हे शेवटी सांगायचं. ह्युगार्ड आणि ब्राउ एक हत्यार देतात आणि म्हणतात, आता याने काहीतरी बनव, कुणाला तरी दाखव. माझ्या मते पुस्तक इतकी वर्षं टिकलं ते या संयमामुळे. त्यातले काही खेळ जुने झाले, पण शिकवण्याचा क्रम नाही.

दुसरं प्रकरण टेबलावर पत्त्यांचे दोन भाग करून फर्रर्र आवाजात एकमेकांत मिसळण्याचं. इथे मात्र पुस्तकाचा देश दिसतो. अमेरिकेत पत्त्याच्या टेबलावर हे पिसणं रोजचंच. आपल्याकडे गणपतीच्या मांडवात रात्री डाव रंगलेला असताना कुणी असं पिसलं, की सगळ्या माना त्याच्याकडे वळतात. ‘अरे, हा तर पट्टीचा दिसतोय!’ झालं, पुढच्या खेळातली निम्मी जादू गेली. कारण आता जे काही होईल ते त्याच्या हातचलाखीच्या खात्यावर जमा होणार. म्हणून मराठी नवशिक्याने या पुस्तकाचं पहिलं प्रकरण वर्षभर पुरवून वाचावं आणि दुसरं सावकाश. जे पिसणं आपल्या घरात कुणाच्या नजरेत भरत नाही, तेच जादूगाराच्या कामाचं.

पुस्तक जिथे थांबतं

‘रॉयल रोड’चं दुबळं अंग म्हणजे त्यातली बोलणी. खेळ करताना काय बोलायचं याचे नमुने पुस्तक देतं, पण ते त्या काळच्या दिवाणखान्यातले आहेत. ते तसेच पाठ करणाऱ्याची गत स्नेहसंमेलनातल्या निवेदकासारखी होते. आपल्याकडे एक गंमत आणखी होते. घरात, मित्रांत मराठी बोलणारा मुलगा कॅट हातात आला की अचानक इंग्रजीत शिरतो. मावशीला ‘मावशी, यातला कुठलाही एक पत्ता काढा’ म्हणायचं सोडून तो व्हिडिओतली वाक्यं म्हणू लागतो. मावशी पत्ता काढते, पण आता ती भाच्याबरोबर खेळत नसते. ती एका कार्यक्रमाची प्रेक्षक झालेली असते.

पुस्तकातली चित्रंही मुख्यतः हातांची. डोळे कुठे असावेत, खांदे कसे असावेत, कधी थांबावं, याबद्दलचा मजकूर तंत्राच्या मानाने त्रोटक आहे. ही उणीव पुढे स्पेनच्या हुआन तामारिस यांनी भरून काढली. ‘फाइव्ह पॉइंट्स इन मॅजिक’ या त्यांच्या छोट्या पुस्तकाचे पाच विषय आहेत: डोळे, आवाज, हात, शरीर आणि पाय. पाचांत हात एकच! ‘रॉयल रोड’ वाचून झालं की पुढचं मोठं तांत्रिक पुस्तक उघडण्याआधी हे वाचावं असं माझं मत आहे.

त्याच बोटांचं दुसरं पुस्तक

नवशिक्याला हमखास भुरळ पडते ती ‘द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल’ची. १९०२ मध्ये शिकागोत लेखकाने स्वतःच छापलेलं पुस्तक. लेखक एस. डब्ल्यू. एर्डनेस, पण हे टोपणनाव. अक्षरं उलटी वाचली तर ई. एस. अँड्र्यूज होतं. हा माणूस नेमका कोण, यावर शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. पुस्तकाचा पहिला भाग जुगारातल्या लबाडीचा, दुसरा जादूचा. पैशांची गरज आहे म्हणून लिहितोय, हे लेखक प्रस्तावनेतच सांगून टाकतो. गद्य कोरडं, काटेकोर, मध्येच तिरकस. साहित्य म्हणून मला हे ‘रॉयल रोड’पेक्षा कितीतरी सरस वाटतं. शिकवणी म्हणून मात्र नवशिक्याला दमवणारं आहे.

त्यातला सगळ्यात मोलाचा आग्रह सातत्याचा आहे. चलाखी करताना हात जसा असेल, तसाच तो चलाखी नसतानाही असला पाहिजे. विसाव्या शतकातल्या जादूगारांचे गुरू मानले गेलेले डाय व्हर्नन लहान वयापासून हे पुस्तक घोटत आले, आणि ‘सहज दिसलं पाहिजे’ हा त्यांच्या शिकवणीचा गाभा राहिला.

पण दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की एक मोठा फरक दिसतो. पत्ते लावणाऱ्या लबाडाचं यश कशात? काही घडलंय हे कुणालाच कळता कामा नये. जादूगाराचं यश कशात? काहीतरी घडलंय हे सगळ्यांना कळलं पाहिजे, कसं ते कळता कामा नये. बोटं तीच, हेतू उलटा. लबाड समोरच्याच्या विश्वासाचा फायदा घेतो. जादूगार आधीच सांगतो की मी फसवणार आहे, आणि समोरचा म्हणतो, फसव. या होकारावर सगळा खेळ उभा असतो. ज्या घरांत पत्ते म्हणजे जुगार म्हणून कॅटला उंबरा ओलांडू देत नाहीत, तिथल्या मुलांना हा फरक शब्दांत मांडता आला पाहिजे. ‘रॉयल रोड’ तो शब्दांत मांडत नाही, पण एक तंत्र शिकताच कुणाला तरी दाखवायला लावून तो अंगवळणी पाडतं.

कॅट वाचताना

आता कॅट. जगभरच्या जादूगारांच्या हातात सगळ्यात जास्त दिसतो तो ‘बायसिकल’चा लाल किंवा निळा. हा ब्रँड १८८५ पासूनचा, अमेरिकेतल्या सिनसिनाटीचा. त्याची मालक असलेली ‘युनायटेड स्टेट्स प्लेइंग कार्ड कंपनी’ २०१९ पासून बेल्जियमच्या ‘कार्टामुंडी’कडे आहे. पाठीवर सायकलवर बसलेला पंखवाला बाळ आहे, पण कित्येकांना वर्षानुवर्षं कॅट वापरूनही तो दिसलेला नसतो. माझ्या लेखी ही त्या नक्षीची सगळ्यात मोठी स्तुती.

यातला प्रत्येक तपशील कामाचा आहे. पाठीभोवतीची पांढरी चौकट घ्या. कॅटमध्ये एखादा पत्ता उलटा, म्हणजे चित्र वर करून, दडवला असेल तर पंखा उघडताना त्याची पांढरी कड शेजारच्यांत मिसळून जाते. ‘बी’ या कॅटची नक्षी कडेपर्यंत जाते, तिथे तोच पत्ता लगेच उघडा पडतो. कागदावर बारीक खळगे दाबलेले असतात, त्यांत हवा राहते आणि पत्ते एकमेकांवरून सरकतात. गुळगुळीत स्वस्त कॅटचे पत्ते, विशेषतः मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात, एकमेकांना चिकटतात. दोनाच्या जागी तीन उचलले जातात. माप अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच. ब्रिजचे पत्ते पाव इंच अरुंद असतात. हात लहान असेल तर पत्ता तळव्यात लपवायला ते सोयीचे पडतात, त्यामुळे त्यांना नाक मुरडायचं कारण नाही.

कागद कुठल्या बाजूने कापला आहे, यानेही फरक पडतो. कॅटचे बरोबर निम्मे करून एकाआड एक पत्ता गुंफायचा, याला फारो म्हणतात. कड स्वच्छ नसेल तर तो जमत नाही, आणि पातं कुठून शिरलं यावर पत्ते कुठल्या दिशेने सहज गुंफले जातील ते ठरतं. वरचा पत्ता वरच ठेवून असे आठ अचूक फारो केले की ५२ पत्ते मूळ क्रमात परत येतात. ॲलेक्स एल्म्सली या ब्रिटिश जादूगाराने, जो संगणकाच्या क्षेत्रातला होता, यातलं आणखी एक सुंदर सूत्र शोधलं. वरच्या पत्त्यावर जितके पत्ते यायला हवेत, तो आकडा द्विमान पद्धतीत लिहा. एक असेल तिथे वरचा पत्ता आत ढकलणारा फारो, शून्य असेल तिथे वर ठेवणारा. माझ्यासारख्या प्रोग्रामरला यापुढे सोनेरी कडा फिक्या वाटल्या तर नवल नाही.

मग देखण्या कॅटना जागाच नाही का? आहे. कार्डिस्ट्री, म्हणजे पत्त्यांच्या कसरती, ही वेगळी कला आहे आणि तिथे पत्ता दिसणं हाच मुद्दा असतो. संग्रहालाही जागा आहे. सावंतवाडीच्या गोल, हाताने रंगवलेल्या गंजिफा बघताना ‘याने जादू करता येईल का’ असं कुणी विचारत नाही. पण जादूच्या नवशिक्याला चित्रविचित्र कॅट विकणं म्हणजे त्याला प्रेक्षकाचा संशय विकत देणं. काळी पानं बाहेर काढली की समोरच्याच्या मनात पहिलं वाक्य उमटतं: ‘यातच काहीतरी असणार.’ पुढे तुम्ही कितीही सफाईने काम केलंत तरी श्रेय दुकानाला जातं.

१९२२ मध्ये शिकागोत व्हर्ननने हुडिनीला चकवलं, ती गोष्ट याच संदर्भात वाचावी. तीनदा पाहिली तर कुठलीही जादू ओळखीन, असा हुडिनीचा दावा होता. व्हर्ननने त्याच्याकडून एका पत्त्यावर आद्याक्षरं लिहून घेतली, तो पत्ता वरून दुसरा ठेवला, आणि तो पुन्हा पुन्हा वर येत राहिला. हुडिनी हरला तो स्वतःच्या अक्षरासमोर. त्या पत्त्यावर संशय घ्यायचा म्हणजे स्वतःच्या सहीवर संशय घेण्यासारखं होतं.

तेव्हा खरेदीची यादी छोटी आहे. सरावाला पांढऱ्या चौकटीचे दोन कागदी कॅट, एक लाल, एक निळा. ‘रॉयल रोड’, पण त्यातली बोलणी वगळून. तामारिसचं छोटं पुस्तक. आणि खेळ दाखवायची वेळ आली की आपला कॅट खिशातच ठेवून, ज्या घरात बसला असाल तिथला मागायचा. कोपरे दुमडलेला, जोकरवर चौकटची राणी असं पेनाने लिहिलेला. त्यावर जे जमेल तेवढंच तुम्हाला येतं असं समजा.