कल्ल्यांमार्फत की कल्ल्यांमधून?

'माशाचे रक्त कल्ल्यांमार्फत पोषकद्रव्ये व टाकाऊ पदार्थ वाहून नेते.' असं वाक्य तुम्हीही परीक्षेत लिहिलं असेल. मार्कही मिळाले असतील. पण पीएचडीचा प्रयोग या वाक्यावर आखू नका.

आधी 'पोषकद्रव्ये'. अन्न शोषलं जातं आतड्यात. तिथून ते रक्तातून यकृतात, मग हृदयात येतं. माशाचं रक्ताभिसरण एकेरी, त्यामुळे हृदयातून निघालेलं सगळं रक्त आधी कल्ल्यांकडे जातं. म्हणजे ग्लुकोज, अमिनो आम्लं कल्ल्यांमधून जातात खरी, पण निव्वळ प्रवासी म्हणून. पाण्यातून रक्तात येतो तो ऑक्सिजन, आणि गोड्या पाण्यात सोडियम, क्लोराइड, कॅल्शियमचे आयन. 'मधून' आणि 'मार्फत' यांत गल्लत झाली आहे.

'टाकाऊ पदार्थ' बरोबर आहे, पण वाचणारा कार्बन डायऑक्साइडवरच थांबतो. होमर स्मिथने 1929 मध्ये डोक्याकडचं आणि शेपटीकडचं पाणी पडद्याने वेगळं ठेवून माशाचं उत्सर्जन मोजलं. नायट्रोजनयुक्त टाकाऊ पदार्थांचा मोठा वाटा मूत्रपिंडांतून नाही, कल्ल्यांतून बाहेर पडत होता. त्यात मुख्य अमोनिया. तरी आपल्या नोट्समध्ये कल्ले म्हणजे श्वसन आणि मूत्रपिंड म्हणजे उत्सर्जन, अशीच वाटणी!

यात प्रयोग कसा फसतो बघा. ताडकळसच्या बाजारात आपण कल्ला उचलून त्याची लाली बघतो. प्रयोगशाळेत बरेच जण विरघळलेला ऑक्सिजन मोजतात आणि तिथंच थांबतात. समजा, कीटकनाशकाच्या चाचणीसाठी टाकीत रोहू सोडले आणि पाणी बदललं नाही. त्यांचाच अमोनिया साचत जातो. 25 अंश सेल्सिअसला पीएच 7 असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी, आयन न झालेल्या रूपात असतो; पीएच 8 ला सुमारे 5 टक्के, 9 ला 35 च्या पुढे. असं पाणी असेल तर रक्तातला अमोनिया बाहेर पडणंही अवघड होतं. मग मासा मेला तो कीटकनाशकाने की साचलेल्या अमोनियाने? कंट्रोलची टाकी आहे म्हणून सुटका होत नाही. औषधाने कल्ल्यांना इजा झाली असेल तर अमोनिया बाहेर टाकायची क्षमताही बदलते, म्हणजे दोन्ही परिणाम एकमेकांत मिसळतात. बोअरचं पाणी वापरणार असाल तर पीएच आणि एकूण अमोनिया रोज नोंदवा.

रोहूऐवजी मरळ घेतला तर फसगत आणखी वाढते. तो वर येऊन हवेतून ऑक्सिजन घेतो, म्हणून ऑक्सिजन कमी असला तरी तगतो. अमोनिया मात्र त्यालाही पाण्यातच सोडावा लागतो.