शिक्षणतत्त्वज्ञान, आफ्रिकी

शिक्षणाने व्यक्तीला तिच्या भूमीशी व समाजाशी जोडावे, या भूमिकेवर आधारलेला आफ्रिका खंडातील शिक्षणविचार. हा विचार सर्वत्र एकरूप नाही. तथापि शाळा आणि तिचा परिसर यांचे नाते कसे असावे, हा प्रश्न त्यात वारंवार उपस्थित झालेला दिसतो. वसाहतकालीन शाळेने मुलाला त्याच्या परिसरापासून तोडले, हा या विचारवंतांचा मुख्य आक्षेप होय.

जोमो केन्याटा यांनी फेसिंग मौंट केन्या (१९३८) या ग्रंथात किकूयू जमातीच्या पारंपरिक शिक्षणाचे वर्णन केले आहे. मुलगा बापाबरोबर काम करीत असता वनस्पतींची नावे व उपयोग, तसेच कुळाच्या जमिनीच्या सीमा शिकतो. किकूयूंच्या जमिनीचा बराच भाग त्या वेळी गोऱ्या वसाहतकारांच्या ताब्यात गेला होता. त्यामुळे या वर्णनाला राजकीय अर्थ प्राप्त होतो. जमीन हिरावली जाणे म्हणजे शिक्षणाचा आधारच हिरावला जाणे, असे त्यातून सूचित होते. मात्र केन्याटा परंपरेचे परीक्षण करण्यापेक्षा तिचे समर्थनच अधिक करतात. मुलींच्या जननेंद्रियछेदनाच्या प्रथेचीही त्यांनी पाठराखण केली, ही या ग्रंथाची गंभीर मर्यादा होय.

परिसरानुरूप शिक्षणाचा पुरस्कार वसाहतवाद्यांनीही केला होता. अमेरिकेतील फेल्प्स-स्टोक्स निधीच्या आयोगांनी १९२० च्या दशकात आफ्रिकेची पाहणी करून शेती, आरोग्य व ग्रामजीवन यांवर भर देणाऱ्या शिक्षणाची शिफारस केली. आफ्रिकी पालकांना हे शिक्षण दुय्यम वाटले. कारण नोकरी व सत्ता यांची वाट पुस्तकी शिक्षणातूनच जात होती. दक्षिण आफ्रिकेत १९५३ च्या बांटू शिक्षण अधिनियमाने हा संशय खरा ठरविला. कृष्णवर्णीयांना त्यांच्या ‘स्वतःच्या’ समाजापुरते शिक्षण देण्याच्या नावाखाली त्यांची प्रगती तेथे जाणीवपूर्वक रोखण्यात आली. म्हणून या विषयात परिसराचे महत्त्व मान्य करणे पुरेसे नाही. परिसराची व्याख्या कोण करतो, हेही पाहावे लागते.

टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष जूल्यस न्येरेरे (१९२२–९९) यांची ‘स्वावलंबनासाठी शिक्षण’ (१९६७) ही पुस्तिका या विचाराची सर्वांत सुसंगत मांडणी होय. प्राथमिक शाळेतील सुमारे १३ टक्के मुलांनाच माध्यमिक शाळेत जागा मिळणार असताना सर्वांना त्याच परीक्षेसाठी तयार करणे म्हणजे उरलेल्यांच्या मनात अपयशाची भावना निर्माण करणे होय, हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड आहे. प्राथमिक शिक्षण स्वयंपूर्ण असावे, शाळेला शेत असावे आणि त्या शेताविषयीच्या निर्णयांत विद्यार्थ्यांचाही सहभाग असावा, असे त्यांनी सुचविले.

या तत्त्वाचा कस व्यवहारात लागला. दक्षिण टांझानियातील रुवुमा भागात लिटोवा येथे शेतकऱ्यांनी स्वेच्छेने वसविलेल्या गावाने आपली शाळा गावाच्या जीवनाशी जोडली होती. परंतु या गावांची संघटना १९६९ मध्ये सत्तारूढ पक्षाने बरखास्त केली. पुढे १९७३ नंतर ग्रामीण जनतेला शासननियोजित खेड्यांत राहण्यास भाग पाडण्यात आले. अनेकांना पिढीजात वस्त्या सोडाव्या लागल्या. ज्या परिसरावर शिक्षण उभारावयाचे, तोच सक्तीने बदलला गेला. प्राथमिक शिक्षणाचा प्रसार मोठ्या प्रमाणावर झाला, हे न्येरेरे यांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु अनेक शाळांत शेतकाम हे शिक्षणाऐवजी केवळ अंगमेहनत ठरले.

फिलिप फॉस्टर यांनी घानाच्या अभ्यासावरून १९६५ मध्ये दाखवून दिले होते, की विद्यार्थ्यांच्या आकांक्षा अभ्यासक्रमापेक्षा रोजगाराच्या वास्तव संधींवर अवलंबून असतात. खेड्यातील जीवन आर्थिक दृष्ट्या लाभदायक झाल्याखेरीज शाळा मुलांना तेथे थांबवू शकत नाही. न्येरेरे यांच्या योजनेवरील हा आक्षेप आजही टिकून आहे.

गुगी वा थिओंगो (१९३८–२०२५) यांनी वेगळी दिशा दाखविली. त्यांनी व दोन सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये नैरोबी विद्यापीठातील इंग्रजी विभाग रद्द करण्याची मागणी केली. केन्या व पूर्व आफ्रिका यांना केंद्रस्थानी ठेवून अध्ययनाला प्रारंभ करावा आणि तेथून उर्वरित आफ्रिका व जग यांच्याकडे जावे, असे त्यांचे म्हणणे होते. यात स्थळ ही अध्ययनाची मर्यादा नसून प्रारंभबिंदू आहे. तथापि ही मागणी मुख्यतः साहित्याच्या उच्च शिक्षणापुरती होती. शेतकऱ्याच्या मुलाच्या उपजीविकेचा प्रश्न तीत येत नाही.

एकंदरीत, शिक्षणाला भूमीचा आधार हवा, हे आफ्रिकी विचारवंतांचे प्रतिपादन मोलाचे आहे. मात्र तेथे राहावयाचे की तेथून निघावयाचे, हा निर्णय शिकणाऱ्याच्या हाती ठेवला, तरच ते शिक्षण वसाहतकालीन शिक्षणाहून खऱ्या अर्थाने भिन्न ठरते.