'व्होग' : नामावली आणि मौन

लोकप्रिय गीताची चर्चा बहुधा त्याच्या ठेक्यापाशी आणि खपाच्या आकड्यांपाशी थांबते. त्याच्या भाषेकडे समीक्षक क्वचितच वळतो. मॅडोना या अमेरिकन गायिकेचे 'व्होग' हे नृत्यगीत मात्र भाषिक चिकित्सेला पात्र ठरावे अशा योग्यतेचे आहे. मॅडोना व शेप पेटिबोन यांनी रचलेले हे गीत मार्च १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. मे महिन्यात ते 'बिलबोर्ड'च्या अमेरिकन यादीत तीन आठवडे अग्रस्थानी होते. डेव्हिड फिंचर याने दिग्दर्शित केलेल्या त्याच्या कृष्णधवल चित्रफितीला त्याच वर्षी एमटीव्हीची दिग्दर्शन, संकलन व छायालेखन यांसाठीची पारितोषिके मिळाली. गीताचे यश वादातीत आहे. प्रश्न निराळा आहे. ज्यांच्यापासून या गीताने आपली कला घेतली, त्यांचे ऋण ते कोणत्या रीतीने मान्य करते आणि कोणत्या रीतीने टाळते?

प्रथम शीर्षकातील शब्दाचा विचार करू. 'व्होग' हा मूळचा नामशब्द. अर्थ प्रचलित रीत, टूम. १८९२ साली न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या वेषभूषाविषयक नियतकालिकाने तो आपले नाव म्हणून घेतला. पुढे त्याच नगरातील हार्लेम विभागात कृष्णवर्णीय व लॅटिन समलिंगी आणि लिंगांतरित समाजाच्या 'बॉल' नावाच्या स्पर्धांतून एक नृत्यप्रकार घडला. छायाचित्रातील रूपवतींच्या अंगस्थिती एकामागून एक धारण करणे हे त्याचे मर्म. आणि त्याला नाव पडले ते त्या नियतकालिकाचेच. नाम येथे धातू झाले. मराठीतही 'रंग'पासून 'रंगणे', 'फळ'पासून 'फळणे' असे नामधातू होतात. परंतु प्रस्तुत उदाहरणातील अर्थांतर अधिक मार्मिक आहे. ज्या पानांवर आपल्यासारख्यांना क्वचितच जागा मिळे, त्या पानांच्या नावाचेच या समाजाने क्रियापद केले. विशेषनाम एका मालकाचे असते; क्रियापद जो कृती करील त्याचे होते. मॅडोनाच्या गीतात हा धातू आज्ञार्थी येतो. त्यामुळे त्याचा कर्ता प्रत्येक श्रोता होऊ शकतो, आणि गीताच्या जागतिक प्रसाराचे एक भाषिक कारण येथेच सापडते.

गीताचा दुसरा विशेष म्हणजे मध्यंतरी येणारी, गाइलेली नसून उच्चारलेली, सोळा नावांची मालिका. तीत ग्रेटा गार्बो, मार्लीन डीट्रिख, मेरिलिन मन्रो, रीटा हेवर्थ, फ्रेड अस्टेअर, लॉरेन बकॉल अशी जुन्या हॉलिवुडची नावे आहेत. जो डिमॅजिओ हा बेसबॉलपटू मात्र चित्रपटसृष्टीबाहेरचा, १९५४ मध्ये मन्रोशी झालेल्या विवाहाचा धागा धरून आत आलेला दिसतो. बहुतेक नावांना क्रियापदाचा आधार नाही. जीन हार्लो हिचे नाव तर यमकाच्या सोयीसाठी उलटे केले आहे. नावे येथे माहिती देत नाहीत. ती आवाहन करतात. आपल्या नामस्तोत्रांशी या रचनेचे साम्य सहज जाणवते. भेद एवढाच, की स्तोत्रात एका दैवताची अनेक नावे असतात, तर येथे अनेक व्यक्तींच्या नावांतून 'तारका' ही एकच कल्पना उभी राहते.

या नावांतील पुष्कळशी घडवलेली आहेत, ही गोष्ट येथे विशेष महत्त्वाची ठरते. गार्बो मूळची गुस्ताफसन, हेवर्थ मूळची कान्सिनो, अस्टेअर मूळचा ऑस्टरलिट्झ, बकॉल मूळची पर्स्की. हार्लेमच्या स्पर्धकांनीही नवी नावे घेतली. त्यांचे गट 'हाउस' म्हणजे घराणी म्हणवतात. सदस्य लाबेजा, निंजा, एक्स्ट्राव्हागांझा अशी घराण्याची आडनावे लावतात आणि प्रमुखाला 'आई' म्हणतात. प्रक्रिया बाह्यतः एकच, परंतु तिची दिशा उलट आहे. हॉलिवुडचे नाव कुळाचा माग पुसून बाजारात खपते. घराण्याचे नाव कुळाने टाकलेल्याला नवे कुळ देते.

हे साम्य आणि हा विरोध गीताच्या हाताशी होता. त्याने तो वापरला नाही. वर्ण आणि लिंग यांचा भेद नृत्यमंचावर उरत नाही असा निर्वाळा गीत देते. परंतु त्याच्या नामावलीतील सोळाही व्यक्ती श्वेतवर्णीय आहेत. 'कार्मेन जोन्स' (१९५४) या चित्रपटासाठी प्रमुख अभिनेत्रीच्या ऑस्करचे नामांकन मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री डोरोथी डँड्रिज तीत नाही, आणि हार्लेममधील एकही नाव नाही. मॅडोनाच्या कृष्णवर्णीय संस्कृतीशी असलेल्या संबंधाची कठोर चिकित्सा बेल हुक्स यांनी 'ब्लॅक लुक्स' (१९९२) या ग्रंथात केली, ती अशा मौनांकडे पाहता अनाठायी वाटत नाही.

चित्रफितीची बाजू मात्र काहीशी वेगळी आहे. तिच्या नृत्यरचनेत एक्स्ट्राव्हागांझा घराण्यातील होजे गुटिएरेझ व लुईस कमाचो यांचा हात होता, आणि दोघेही पडद्यावर आहेत. हॉलिवुडच्या प्रतिमाचित्रांतील स्थिरता आणि कठोर छायाप्रकाश फिंचरने हुबेहूब उभा केला. परंतु त्या प्रकाशात कृष्णवर्णीय व लॅटिन नर्तकांचे चेहरे आणून बसवले. जी जागा शब्दांनी नाकारली ती देहांना मिळाली. तरीही हे ऋण ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच दिसते. होर्स्ट या छायाचित्रकाराच्या १९३९ मधील सुप्रसिद्ध कॉर्सेटच्या चित्राचीही हीच गत झाली: पाठमोरी आकृती आली, त्याचे नाव आले नाही.

ऋणाचा प्रश्न पुढे न्यायालयातही गेला, पण दुसऱ्याच अंगाने. एका जुन्या ध्वनिमुद्रिकेतील ०.२३ सेकंदाचा शिंगवाद्यांचा स्वर या गीतात घेतल्याचा दावा होता. अमेरिकेच्या नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने २०१६ मध्ये ती उचल दखलपात्र नसण्याइतकी क्षुल्लक ठरवून मॅडोनाच्या बाजूने निर्णय दिला. पाव सेकंदाहूनही अल्प ध्वनीचा मालक कोण, हे विचारण्याची सोय कायद्यात आहे. रस्त्यावर व दिवाणखान्यांत पिढ्यांनी घडवलेल्या हस्तविक्षेपाबाबत असा दावा उभा राहणे कठीण. अशा कलेचे ऋण फेडण्याचे हाती उरणारे साधन म्हणजे नामोल्लेख.

म्हणूनच या गीतातील मौन किरकोळ मानता येत नाही. नाव घेणे हेच ज्या रचनेचे तंत्र, तिला नाव न घेण्याची सबब उरत नाही. गीत प्रसिद्ध झाले तेव्हा सोळांपैकी नऊ जण हयात होते. बकॉल २०१४ मध्ये निवर्तली आणि नामावली केवळ स्मरणाची झाली. आज्ञार्थी क्रियापद मात्र जिवंत आहे. ते ज्यांनी घडवले त्यांची नावे गीताबाहेर शोधावी लागतात: जेनी लिव्हिंगस्टन हिच्या 'पॅरिस इज बर्निंग' (१९९०) या अनुबोधपटात ती सापडतात. 'व्होग' हे उत्तम नृत्यगीत आहे. आपल्या उगमाचा दस्तऐवज म्हणून ते अपुरे आहे. अभ्यासकाने त्याचा आस्वाद आणि त्याची ही उणीव, दोहोंची नोंद एकत्रच केली पाहिजे.