अडचणीचा आस्वाद : ‘धिस इज द पोलीस’च्या निमित्ताने

मराठी समीक्षेला दुर्बोधतेचा प्रश्न नवा नाही. मर्ढेकरांच्या कवितेपासून तो पुनःपुन्हा उपस्थित होत आला आणि त्याला दिल्या गेलेल्या उत्तरांचा रोख बहुतांशी एकच राहिला : अनुभव व्यामिश्र असेल तर अभिव्यक्ती सोपी असू शकत नाही, आणि वाचकाने घेतलेले कष्ट अर्थाच्या रूपाने त्याला परत मिळतात. ह्या युक्तिवादात कष्ट ही अर्थापर्यंत पोचण्याची वाट असते; ते स्वतः अर्थ नसतात. ज्या कृतीत काठिण्य हाच आशय आहे अशी कृती संभवते काय, आणि संभवत असेल तर तिच्या आस्वादाचे स्वरूप काय, हा प्रश्न प्रस्तुत लेखात एका व्हिडिओ गेमच्या आधारे विचारायचा आहे. आपल्याकडे व्हिडिओ गेमचा विषय निघाला की चर्चा बहुधा मुलांच्या डोळ्यांवर आणि अभ्यासावर येऊन थांबते. ती येथे थांबवायची नाही, एवढीच वाचकाला विनंती.

‘धिस इज द पोलीस’ हा मिन्स्क येथील विअ‍ॅपी स्टुडिओने तयार केलेला खेळ 2016 साली आला. फ्रीबर्ग ह्या काल्पनिक अमेरिकी शहराचा पोलीसप्रमुख जॅक बॉइड साठीचा आहे. महापौराने त्याला निवृत्त व्हायला भाग पाडले आहे. हाती 180 दिवस उरले आहेत आणि तेवढ्यात त्याला 5 लाख डॉलर जमवायचे आहेत. पगारातून ते जमणार नाहीत, हे उघड आहे. शहरात माफियांच्या दोन टोळ्या आहेत आणि दोघींनाही पोलीसप्रमुखाची गरज आहे. कथेचा हा सांगाडा हॉलिवूडच्या गुन्हेपटांतून आलेला, पुरेसा ओळखीचा आहे. खेळाचे वेगळेपण त्यात नाही.

ते आहे हजेरीपटात. पोलीस दोन पाळ्यांत विभागलेले असतात आणि पाळ्या दिवसाआड कामावर येतात. प्रत्येक शिपायाच्या नावापुढे त्याच्या व्यावसायिक कुवतीचा एक आकडा असतो. कामगिरी फत्ते झाली की तो वाढतो. शिपाई थकतात, पितात, सकाळी रजा मागतात. मग दिवसभर शहराच्या नकाशावर तक्रारी उमटत राहतात. तक्रारीच्या मजकुरावरून तिचे गांभीर्य नेहमीच कळते असे नाही. काही तक्रारी निव्वळ खोट्या असतात. तीन चांगले शिपाई एका ठिकाणी धाडले तर ते परत येईपर्यंत दुसऱ्या ठिकाणी पाठवायला कोणी उरत नाही. दोन कच्चे शिपाई धाडले तर गुन्हेगार निसटतो, एखादा नागरिक मरतो, कधी शिपाईच मरतो. दुर्बोध असे ह्यात काहीच नाही. सगळे समजते, निभावत मात्र नाही. कवितेतील दुर्बोधता वाचक आणि अर्थ ह्यांच्यामध्ये उभी असते. येथील अडचण खेळणारा आणि त्याची कृती ह्यांच्यामध्ये उभी आहे. एस्पेन आर्सेथ ह्यांनी ‘सायबरटेक्स्ट’मध्ये (1997) ज्या संहिता ओलांडण्यासाठी वाचकाला डोळे फिरवण्याहून अधिक श्रम करावे लागतात त्यांचा वेगळा वर्ग कल्पिला होता. हा खेळ त्या वर्गात बसतो; परंतु श्रम लागतात एवढे सांगून भागत नाही, त्या श्रमांनी खेळणाऱ्याचे काय होते तेही पाहावे लागते.

खेळाच्या आरंभीच्या भागातच महापौरांच्या कार्यालयाकडून हुकूम येतो : दलातील सर्व कृष्णवर्णीय पोलिसांना काढून टाका. हुकूम पाळला नाही तर दलाच्या पैशांवर आणि मनुष्यबळावर गदा येऊ शकते. ह्या प्रसंगावर बरीच टीका झाली आहे, आणि खेळ येथे वर्णद्वेषाचा केवळ सामग्री म्हणून वापर करतो हा आक्षेप मला पूर्णपणे गैर वाटत नाही. तरीही पहिल्या वाचनात (हा शब्द मुद्दाम वापरला आहे) जे घडले ते नोंदवणे आवश्यक आहे. हुकूम वाचल्यावर मनात उमटलेला पहिला प्रश्न तो अन्याय्य आहे की नाही, हा नव्हता. एवढी माणसे गेली तर उद्याची पाळी भरायची कशी, हा होता. नैतिक प्रश्न आला, पण दुसरा आला. आणि तो दुसरा आला हे लक्षात यायला आणखी काही वेळ गेला. कादंबरीने अशा अधिकाऱ्याचे चित्रण केले असते तर त्याच्या मनाचा हा क्रम आपण बाहेरून पाहिला असता आणि त्याला दोष देऊन मोकळे झालो असतो. येथे तो क्रम आपल्याच मनात लागतो. इअन बोगोस्ट ह्यांनी ‘पर्स्वेसिव्ह गेम्स’मध्ये (2007) नियमांच्या प्रक्रियेतून होणाऱ्या युक्तिवादाची कल्पना मांडली आहे, ह्या खेळाचा युक्तिवाद असा की टंचाई माणसाला क्रूर करण्याआधी हिशेबी करते. पात्रांच्या चेहऱ्यांना नाक-डोळे नाहीत, ही चित्रशैलीही मग नुसती हौस राहत नाही.

येथे आपल्या परंपरेतील एक अडचण समोर येते. भट्टनायकाच्या साधारणीकरणात ‘माझे’ आणि ‘परक्याचे’ हा भेद गळून पडल्याशिवाय रसास्वाद संभवत नाही. खेळात तर ‘माझे’ क्षणभरही सुटत नाही : माझे शिपाई, माझे डॉलर, माझे उरलेले दिवस. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’ने (1974) आपल्याला परिचित करून दिलेल्या परिभाषेत बोलायचे, तर कट्टर अलौकिकतावादी ह्या अनुभवाला कलानुभव मानणारच नाही. माझ्या मते त्याची हरकत अर्धीच खरी आहे. तक्रारी येत असतात तेव्हा आस्वाद नसतो, केवळ धांदल असते. परंतु दिवस संपतो, मेलेल्या शिपायाची जागा हजेरीपटावर रिकामी दिसते, आणि नव्या दिवसासाठी बॉइड ग्रामोफोनची तबकडी निवडतो. त्या विरामात खेळणारा स्वतःच्याच हिशेबाकडे प्रेक्षकासारखा पाहू लागतो. ताटस्थ्य येथेही आहे, फक्त ते कृतीनंतर येते. आणि आधीची धांदल खरी नसती तर नंतरचे पाहणेही पोकळ झाले असते. खेळ सोपा करणे म्हणजे त्याचा आशय काढून घेणे, असे म्हणतो ते ह्या अर्थाने.

गुप्तहेरांच्या तपासाचा भाग कथनमीमांसेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावा. साक्षीदारांचे जबाब आणि सुट्या चित्रचौकटी हाती येतात; त्यांतल्या निरुपयोगी बाजूला सारून उरलेल्या घटनाक्रमाने लावायच्या असतात. कथानकातून मूळ घटनाक्रम शोधण्याचे जे काम वाचक मनातल्या मनात करतो, ते येथे हाताने करावे लागते. खेळातला शुद्ध बौद्धिक आनंद एवढाच, आणि तोही मोफत नाही. तपासाला माणसे जुंपावी लागतात आणि ती पुन्हा त्याच अपुऱ्या दलातून येतात.

खेळाची दुबळी बाजू त्याच्या कथाप्रसंगांत आहे. जॉन सेंट जॉन ह्यांच्या खर्जातल्या आवाजात बॉइड आपल्या थकव्याविषयी बोलतो, सोडून गेलेल्या बायकोविषयी बोलतो, आणि जे हजेरीपटाने न बोलता सांगितले होते ते पुन्हा शब्दांत सांगतो. ह्या प्रसंगांवर खेळणाऱ्याचे नियंत्रण जवळजवळ नसते. टेबलाशी बसलेला बॉइड मी घडवतो, पडद्यावर बोलणारा बॉइड आधीच घडलेला असतो, आणि दोघांची गाठ नीट पडत नाही. लुकास पोप ह्यांच्या ‘पेपर्स, प्लीज’मध्ये (2013) सीमेवरचा कारकून स्वतःविषयी जवळपास काहीच बोलत नाही. घरच्यांच्या अन्नाचा आणि उबेचा रोजचा हिशेब तेवढा समोर येतो. तो संयम येथे हवा होता.

2018 साली आलेल्या दुसऱ्या भागात बॉइड शार्पवुड ह्या बर्फाळ गावात नाव बदलून लपलेला आढळतो. पहिल्या भागात 180 दिवस ज्या रकमेपायी घालवले तिने त्याला काय दिले, ह्याचे उत्तर त्यातच आहे. ह्या भागात आळीपाळीने चाली करण्याच्या सशस्त्र चकमकी आल्या आहेत. त्या अवघड आहेत, कुशलतेने रचलेल्या आहेत. परंतु त्यांचे काठिण्य बुद्धिबळाच्या जातीचे आहे. चाल चुकली तर हळहळ वाटते, लाज वाटत नाही.